काडीनं न पेटणारं तेल

तेलगावचा डांबरी रस्ता सोडून मी आणि संगमेश कापसातल्या पायवाटेला लागलो. हा माझा धाकटा दीर. घरचं किराणा दुकान सोडून बी.एस्सी. झाला आणि २००६ साली बायोडिझेलच्या कारखान्यात तेल तपासायला लागला. कपाळाला भस्म लावल्याशिवाय उंबरा न ओलांडणारा माणूस, त्या दिवशी मात्र तसाच निघाला होता.

"बिभीषणच्या घरी जायचंय, वहिनी. एकट्याच्यानं व्हईना," एवढंच सकाळी म्हणाला.

बिभीषण कारखान्यात पिंपं भरायचा. पंधरवड्याखाली पिंपाजवळ बिडी पेटवली, भडका उडाला आणि तो गेला. बिडीनं मेला, असंच मालकानं पोलिसांना सांगितलं. गावानंही तेच धरलं. त्याची बायको चतुराबाई तर ऊर बडवून म्हणायची, "बंडल म्याच खिशात घातलं व्हतं."

ओढ्यापाशी संगमेश खाली बसला.

"बिडी तर तो रोजच ओढायचा, वहिनी."

मग एकेक सांगत गेला. त्याच्याकडं एक यंत्र होतं. डोळ्याला न दिसणारा उजेड ते बाटलीतल्या तेलातून सोडायचं, आणि तेलात पाणी किती, मिथेनॉल किती, ते मिनिटात कळायचं. मिथेनॉल म्हणजे तेल बनवताना घालतात ते स्पिरिट. ते थोडं जरी मागं राहिलं, तरी तेल ठिणगीला पेट घेतं. पण यंत्राला आधी शिकवावं लागतं, हातानं तपासलेले नमुने दाखवून. याचं शिक्षण करंजाच्या तेलावर झालं होतं. त्या मोसमात करंज संपला आणि सरकीचं तेल आलं.

"नव्यानं शिकवायला महिना गेला असता. मालक म्हणले, आकडा दिसतोय ना? मीबी म्हणलं, दिवाळीनंतर बघू. अन् स्पिरिट राहिलेल्या तेलालाबी यंत्र पास म्हणत गेलं."

"मग मालकाला सांग की तसं."

"सांगितलं. गप बस म्हणले. अजून एक हाय. कारखान्याच्या पहिल्या दिवशी मीच समद्यांना दाखवलं व्हतं. बशीत तेल घेतलं, पेटती काडी टाकली. विझली. बिभीषण म्हणला, 'सायेब, मंग बिडी वढाया मोकळं म्हना की!' लई हसलो आमी."

मी मनात महादेवाचं नाव घेतलं आणि संगमेशला हाताला धरून उठवलं.

वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. चतुराबाई शेळ्यांना पाला टाकत होती. आम्हाला लांबून बघून तिनं पदर सावरला आणि बाज आडवी टाकली.

संगमेश थबकला.

"वहिनी, ती पाणी देईल, च्या ठेवील. सायेब आले म्हणून लई मान देईल. त्यात चूक माझी व्हती हे न सांगता मी गप बसलो, तर मला तिथून उठू देऊ नका. पर माझ्या वतीनं तुमी बोलू नका."