आत्यानं शिवलेला याजकाचा झगा

माझी आत्या फार सुंदर शिवायची, आणि तिनं शिवलेलं अंगावर घालून मिरवणारी माणसं तिला कधी बघायला मिळायची नाहीत. याचा मला लहानपणापासून संताप होता. चाळीत कुणाचं लग्न निघालं की नवरीच्या चोळ्या आत्याकडे यायच्या. ती जीव ओतून शिवायची, आणि लग्नाच्या दिवशी घरात गहू निवडत बसायची. विधवा होती ना. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती आपल्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, परळच्या आमच्या दोन खोल्यांत राहायची. तिला येऊ नको असं कुणी म्हणायचं नाही, तीच जायची नाही. मी विचारलं तर म्हणायची, "नको गं बयो, कुणाच्या मनात उगाच किंतु यायला नको." हा किंतु नक्की कुणाच्या मनात येतो ते मला शोधून काढायचं होतं, म्हणजे त्याच्याशी कडाकडा भांडता आलं असतं.

मी तेव्हा दादरला मुलींच्या शाळेत जायची. आमच्या मराठीच्या बाई बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, होत्या. मराठी आमच्यापेक्षा चोख, आणि रागावल्या की अलिबागकडचा हेल. त्यांचे पूर्वज कोकणात घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली हे नाव दिलं, असं त्या मजेत सांगायच्या. त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी त्यांनी एक वेगळंच नाटुकलं लिहिलं. हजारो वर्षांपूर्वी त्यांच्या लोकांनी आपल्या पहिल्या मुख्य याजकाला, म्हणजे सगळ्यात वरच्या पुजाऱ्याला, देवाच्या सेवेसाठी वस्त्रं चढवली, तो सोहळा. नाटक पंधरा मिनिटांचं आणि त्यातली दहा मिनिटं एकेका वस्त्राचं वर्णन करण्यातच जायची. याजक मी. एवढं सगळं एकावर एक चढवून न पडता उभी राहील अशी दणकट मुलगी वर्गात दुसरी नव्हतीच.

शिवणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा मी हात वर करून आत्याचं नाव सांगून टाकलं. घरी विचारलंही नव्हतं. बाई स्वतः आमच्याकडे आल्या, स्टुलावर बसल्या आणि त्यांनी आत्याला त्यांच्या ग्रंथातले कपडे एकेक करून समजावून सांगितले. आत पांढरा अंगरखा. त्यावर निळा झगा, त्याच्या घेराला डाळिंबं आणि सोन्याची घुंगरं. वर रंगीत पट्टा, छातीवर बारा रत्नांचं चौकोनी पदक, डोक्याला फेटा. घुंगरं कशाला, तर याजक देवासमोर आत गेला की आवाज व्हायला हवा, नाहीतर तो मरेल.

आत्यानं हे फार मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "आपण देवळात गेलो की घंटा वाजवतो. यांनी ती अंगालाच बांधून टाकली. सोय आहे." बाई खो खो हसल्या. जाताना म्हणाल्या, "बघायला मात्र यायचं हं. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवते." आत्यानं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. लग्न नव्हे, मुंज नव्हे, हळदीकुंकू नव्हे. नाटकाला कसला आलाय किंतु? ती येते म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी आईच्या गळ्यात पडले आणि तिच्या हातातलं भांडं सांडलं.

मग आमच्या घरात जे काही चाललं, ते विचारू नका. घुंगरं लालबागहून आली. डाळिंबं लोकरीची. आतला अंगरखा दिसावा म्हणून निळा झगा पुढून उघडा शिवला. बारा रत्नांसाठी आत्यानं चाळीतून बारा रंगांची बटणं मागून आणली. पट्ट्याला किरमिजी रंग हवा होता, तो शेजारच्या खोलीतल्या गिरणीकामगार काकांनी दिला. मोर्च्याच्या फलकासाठी आणलेल्या लाल कापडातला तुकडा उरला होता. "घे ताई, आमचा लाल देवाच्या कामाला," म्हणाले.

संमेलन दोनदा पुढे गेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. एकदा हरताळ, एकदा संचारबंदी. याजकाचा पोशाख महिनाभर आमच्या खुंटीवर राहिला आणि अख्ख्या चाळीनं तो हाताळला. त्याच काकांनी एकदा फेटा आणि पदक चढवून गॅलरीत मुंबईसह महाराष्ट्र मागणारं भाषण ठोकलं. सगळी चाळ टाळ्या वाजवत होती आणि आत्याचा जीव मात्र खालीवर होत होता. देवाच्या माणसाचे कपडे, आणि कुणीही उठतो, हात लावतो.

शेवटी संमेलनाच्या आदल्या दिवशी, मी शाळेत असताना, तिनं तिच्या मते जे करायला हवं होतं ते केलं. पुजाऱ्याचं वस्त्र म्हणजे सोवळं. अंघोळ केली, सगळा पोशाख पाण्यात भिजवला, पिळला आणि कुणाचा हात लागू नये म्हणून काठीनं उंच दांडीवर वाळत टाकला.

मी घरी आले तर आत्या त्या दांडीखाली बसलेली. मोर्च्याच्या लाल कापडानं रंग सोडला होता. पांढऱ्या अंगरख्यावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लाल शिंतोडे आणि ओघळ. "घाण केली गं मी सगळ्याची," एवढंच ती म्हणाली. आईनं लिंबू लावून पाहिलं. वडील म्हणाले, "ताई, एवढं काही लांबून दिसायचं नाही." ते डाग भायखळ्यावरून दिसले असते.

दुसऱ्या दिवशी ती यायला तयार होईना. खुर्ची राहू दे, म्हणाली, दुसऱ्या कुणाला द्या. मला रडू येत होतं, पण मी आवाज चढवला. "मग बाईंना सांगणार कोण? मी नाही बोलणी खाणार." ही माझी शुद्ध लबाडी होती. आपल्यामुळे पोरीनं बोलणी खावीत हे आत्याला चालणारं नव्हतं. ती उठली, पातळ बदललं, गाठोडं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी ट्राममध्ये बसली.

रंगमंचामागे तिनं गाठोडं सोडलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. बाईंनी अंगरखा उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग ट्रंकेवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आत्या दगडासारखी उभी.

"अहो," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या ग्रंथात नवीकोरी वस्त्रं घालून याजक होत नाही. त्यांच्यावर बळीचं रक्त आणि तेल शिंपडायचं, डाग पाडायचे, मग ती पवित्र. मुख्याध्यापिका रक्ताचं नावही काढू देईनात. मी महिनाभर हळहळतेय, आणि तुम्ही ते घरूनच करून आणलंत."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, खरं सांगताहेत की समजूत घालताहेत ते कळावं म्हणून. मला तरी कुठे माहीत होतं? पण मी जोरात मान हलवली.

बाईंनी पिशवीतून एक बाटली काढली. ऑलिव्हचं तेल, त्यात दालचिनी आणि वेखंड मुरवलेलं. रंगमंचावर तेल सांडायला बंदी होती, तेव्हा शिंपडायचं ते आतच. मला सगळा पोशाख चढवून झाला आणि बाईंनी बाटली आत्यापुढे धरली. "तुम्ही शिवलंत. तुम्हीच शिंपडा."

आत्या दोन पावलं मागे सरली. "माझा हात नको हो. चांगल्या कामाला माझा हात चालत नाही."

"मग माझाही चालायचा नाही," बाई म्हणाल्या. "माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. आणि पडदा पाच मिनिटांत उघडायचाय."

आत्यानं बाटली घेतली. आधी नुसतं बोट बुडवून माझ्या खांद्याला लावलं, तेही घाबरत. मग तळहातावर तेल घेतलं. दुसऱ्या खांद्यावर, छातीवरच्या बटणांवर, झग्याच्या घेरावर. मग खाली बसून एकेका घुंगराला. मला गुदगुल्या होत होत्या, पण मी हललेसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "पुरे आता," तरी ती शिंपडतच होती. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, म्हणून मी तिला थांबवलं नाही.

पडदा उघडला. मी छमछम करत पुढे आले आणि पहिलं वाक्य साफ विसरले, कारण समोर पहिल्या रांगेत, आमच्या मुख्याध्यापिकांच्या शेजारी आत्या बसली होती. ती आपण शिवलेलं बघत होती, आणि लोक अजून गप्प असताना एकटीच टाळ्या वाजवत होती. हात तेलानं माखलेले, त्यामुळे टाळ्यांचा आवाज काही येत नव्हता.