हातात घालायची थैली

पंच्याहत्तर-शहात्तर साल असेल. रिसोडच्या दवाखान्यात मी आजारी आईपाशी बसून असायचो. शेजारच्या खाटेवर केनवडकडची एक बाई होती. तिला उठता येत नसे, म्हणून तिचं सगळं नवराच करी. माळवं पिकवणारा, दांडगा, अबोल माणूस. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

तिची घाण पुसून झाली की तो फिनाइलच्या पाण्यानं हात धुई. मग एके दिवशी तो सुईदोरा घेऊन बसला. आतून खताच्या पोत्यातलं प्लॅस्टिक, वरून जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, अशी पंजा आत जाईल एवढी थैली त्याला शिवायची होती. थैलीनं पुसायचं आणि मग ती जाळून टाकायची. दोन बिघडल्या, तिसरी जमली.

त्यानं ती हातात घालताच बाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "आता मले हात लावाची किळस येते तुमाले?"

तो गडबडला. "किळस नाही वं. फिनाइलनं माहे हात पार फुटले. तुया डोक्यावरून फिरवतो, तं तू झोपेत अंग चोरतं. तुले टोचतात ते."

बाईनं त्याचा उघडा हात ओढून गालाखाली घेतला. मी उगाच आईचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ती पडल्या पडल्या लुगड्याचे तुकडे कापत होती. "टाके बारीक घाला ना," ती नवऱ्याला दटावत होती. इतक्या दिवसांत तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.