बाईसाहेबांचा ड्रायव्हर

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी सुभेदार त्यावर दोनदा टकटक करायचे. शेजारच्या दारावर करतो तशी, बोटांच्या पेरांनी. मग जरा थांबायचे आणि मगच बॉनेट वर उचलायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबत विचारलं, "काका, आत कोणी आहे का?"

"असलं तर?" ते म्हणाले. "विचारल्याबिगर उघडू नये, ताई."

मी अकोल्याची, बँकेच्या बदलीवर जयपूरला आलेली. मालवीय नगरात मला घर मिळालं ते नेमकं या सातारच्या सुभेदारांच्या खालच्या मजल्यावर. फौजेच्या वाहनांच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली होती. शेवटचं पोस्टिंग इथलं, म्हणून इथेच घर केलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी वर्कशॉपचा एक नियम त्यांच्या अंगात मुरला होता. जुना भाग जमा करायचा, तेव्हाच नवा हातात घ्यायचा. घरातला बल्ब गेला तरी गेलेला बल्ब घेऊन दुकानात जायचे. दुकानदार हात जोडायचा, "बाउजी, इसका मैं क्या करूँ?" तरी हे तो काउंटरवर ठेवूनच नवा उचलायचे. मी वर वाटीभर साबुदाण्याची खिचडी पाठवली, तर आधीची वाटी घासूनपुसून खाली येई आणि मगच नवी वर जाई. मी चिडवायचे, ते म्हणायचे, "जुनं जमा केल्याशिवाय नवं मागू नये. कायदा आहे."

त्यांच्या बायकोला, काकूंना, हळूहळू काही आठवेनासं झालं होतं. आधी नावं गेली, मग घर गेलं, आणि शेवटी नवऱ्याचा चेहराही. वाट मात्र त्या नवऱ्याचीच बघत असायच्या. तरुणपणी सातारला वाट बघितली, तशी. संध्याकाळ झाली की पदर सावरून जिन्याने खाली यायच्या आणि गाडीच्या मागच्या सीटवर ताठ बसायच्या. "ड्रायव्हर, गाडी काढा. हे सुट्टीवर यायचेत. स्टेशनवर जायचंय."

आणि सुभेदार म्हणायचे, "जी, बाईसाहेब."

ते त्यांना स्टेशनपर्यंत न्यायचे. तिथली गर्दी बघत काकू थोडा वेळ बसायच्या, मग आपण कशासाठी आलो ते विसरायच्या आणि येताना झोपायच्या. रोज हेच. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, त्रास होत नाही का हो तुम्हाला?"

"होतो की," ते म्हणाले. "पण गाडी चालू आहे तोवर मी तिचा ड्रायव्हर तरी आहे. घरात तर ती विचारते, हा परका बाप्या कोण?"

असा हा संसार त्या जुन्या गाडीवर चालला होता, आणि उन्हाळ्यात ती गाडीच बंद पडायला लागली. ऊन तापलं की इंजिन मध्येच गप्प व्हायचं, गार झालं की पुन्हा सुरू. सुभेदारांनी वायरी तपासल्या, प्लग बदलले, पेट्रोलचा पंप बदलला. एक दिवस ती सुरूच होईना. शेवटी त्यांनी सलीमभाईला बोलावलं. सलीमभाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याने मशीन लावून बघितलं आणि म्हणाला, "साब, ईसीएम गया. मतलब गाड़ी का दिमाग़ ही गया समझो."

सुभेदार एकदम वर, बाल्कनीकडे बघायला लागले. काकू तिथे उभ्या होत्या.

इंजिनाचा सगळा कारभार बघणारी ती पत्र्याची डबी, वहीएवढी. पण मॉडेल बंद झालेलं, त्यामुळे नवी कुठेच मिळेना. मी म्हटलं टॅक्सी करू. केली. अनोळखी माणूस चालवतोय आणि आणखी एक परका बाप्या शेजारी येऊन बसतोय, हे बघून काकू अशा ओरडल्या की टॅक्सीवाल्याने कोपऱ्यावरच उतरवलं.

मग सुभेदार शहराबाहेरच्या भंगारबाजारात गेले. तिथे अगदी तशीच गाडी सापडली, रंगसुद्धा तोच. दुपारी उन्हाने लाल होऊन परतले, डबी उपरण्यात गुंडाळलेली. "फौजेत आम्ही एका गाडीचं काढून दुसरीला लावायचो, ताई. जोडीदार असतात त्या." स्वतःच्या हाताने त्यांनी ती बसवली. काकू आधीच मागे येऊन बसल्या होत्या. चावी फिरवली. इंजिन फिरलं, घरघरलं, पण पेटलं नाही. समोर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत राहिला.

सलीमभाई पुन्हा आला. त्याने नीट समजावलं. या गाड्यांत चोरीचं भय म्हणून चावीची ओळख डबीत भरलेली असते. ही डबी दुसऱ्या गाडीची, ती या चावीला ओळखणार नाही. "पर घबराने की बात नहीं, साब. पुराना वाला दे दो. उसका डेटा इसमें उतार देंगे, चाबी को पहचान लेगा."

सुभेदार रिकाम्या उपरण्याची घडी घालत राहिले. मला तेव्हाच कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

"जमा केला," ते म्हणाले.

भंगारवाल्याने तो जुना भाग मागितलासुद्धा नव्हता. यांनीच बळेबळे त्याच्या हातात ठेवला होता. मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून तिथे नेलं. भंगारवाला भला माणूस, त्याने ढीगच्या ढीग उपसून दाखवले. पण जुन्या डब्या आदल्याच दिवशी वितळवायला गेल्या होत्या, आणि ती जोडीदार गाडीही चावीसकट कापून झाली होती. परतताना सुभेदार मागे बसून एवढंच म्हणाले, "तिची सगळी ओळख त्यात होती, आणि मी ती देऊन आलो."

ट्रॅफिक फार होतं, तेच बरं झालं.

त्यानंतरही काकू संध्याकाळी खाली येत राहिल्या. सुभेदार पुढे बसायचे, स्टिअरिंगवर दोन्ही हात.

"ड्रायव्हर, गाडी का निघत नाही?"

"सिग्नल लागलाय, बाईसाहेब."

काही दिवस तो सिग्नल चालला. मी भाजी घेऊन येताना बघायचे. कडुनिंबाखाली उभी गाडी, आत दोघं समोर बघत बसलेली. हसूही यायचं आणि रडूही. मग एकदा काकू उतरल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या तुम्ही. हे येऊन उभे असतील, मी चालत जाते." त्या चौकात सापडल्या, अनवाणी. पुढे पुढे त्यांनी खाली येणंच सोडलं. नवरा यायचा आहे, हेही गेलं.

थंडीत मुलगा आला, दोघांना पुण्याला न्यायला. टॅक्सीत सामान चढलं. सुभेदारांनी आपल्या गाडीच्या बॉनेटवर दोनदा टकटक केली, नेहमीसारखे थांबले, आणि न उघडताच वळले. ते काकूंच्या शेजारी मागे बसले. या वेळी त्या ओरडल्या नाहीत, काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या.

"अगं, आमचा ड्रायव्हर दिसत नाही तो?"

मी सुभेदारांकडे बघितलं.

"सुट्टीवर गेलाय, बाईसाहेब," ते म्हणाले.

टॅक्सी निघाली. कोपऱ्यावर खरोखरचा सिग्नल लागला होता, तिथे ती थांबली. मागच्या काचेतून दोघांची डोकी दिसत होती. सुभेदार अगदी दाराला चिकटून बसले होते, बाईसाहेबांपासून अंतर ठेवून.