टीव्हीला टेप लावून

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. चिंध्या आणि किस्से! चिंध्या निदान गोधडीला जातात. किश्शांचं काय करायचं? कोणी चहाला बसलं की सोडायचे एकेक.

माझं दुकान टोकावड्याला, माळशेजच्या रस्त्यावर. नव्वद सालानंतर, दुकानात माझ्या जोडीला बसणाऱ्या मामाने शहापूरहून एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला आणि गिऱ्हाईक वाढेल म्हणून दुकानात ठेवला. गिऱ्हाईक वाढलं, पण ते उठेचना! पुढची दहा-बारा वर्षं मी जे काही शिवलं, ते या खोक्यात बघून शिवलं.

*

पहिला मान पांड्याचा. वीस वर्षांचं दांडगं पोरगं, नवा शर्ट घेऊन आला.

"मास्तर, बाह्या फाडून द्या. कापायच्या नाय, फाडायच्या! तो हिरो घालतो तसं दिसायला पायजे."

मी तीस वर्षं कपडे जोडतोय, फाडायची ही पहिलीच वेळ. जीव तुटत होता, पण फाडल्या. पांड्या छाती काढून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई दारात. हातात तोच शर्ट, पदरात गुंडाळलेल्या दोन बाह्या.

"मास्तर, पोराला कुत्रा लागला वाटतं कुठं. मेला सांगत पण नाय! तेवढं शिवून द्या, मी त्याला दवाखान्यात घेऊन चालले."

बाहेर पांड्या उभा होता. मी बाह्या जोडायला घेतल्या. पोरगा दवाखान्यातली सुई घ्यायला तयार झाला, पण आईला खरं सांगायला नाही.

*

याच पांड्याने पुढे टीव्हीतली हिंदी उचलली. घरात हिंदी, बांधावर हिंदी. एकदा म्हैस रस्त्यात आडवी बसली, मुरबाडची एसटी थांबलेली, आणि हा तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून डायलॉग मारतोय, "हट जा मेरे रास्ते से!"

म्हैस रवंथ करत राहिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. शेवटी पांड्याचा बाप आला, म्हशीच्या पाठीवर एक थाप मारली, "चल गो." ती उठली.

बाप पोराला म्हणाला, "आदी तिला टीव्ही दाव. मग बोल."

*

आता रंजना. आमच्या वरच्या पाड्यावरची, बुधाजीची धाकटी. दहावी झाली आणि शिवण शिकायला माझ्याकडे आली. वर्षभरात माझ्यापेक्षा सरळ टीप मारायला लागली. मला तिचा हेवा वाटायचा आणि अभिमानही, दोन्ही एकाच वेळी.

तिची मोठी बहीण सुमन. तिचं लग्न सापगावला ठरलं. सुमनला वरातीची साडी कशी हवी? टीव्हीतल्या सिरियलमधली सून नेसते तशी! बहिणी-बहिणी मुरबाडला गेल्या आणि हुबेहूब तशीच घेऊन आल्या. राखाडी! दुकानदार बिचारा तीन-तीनदा विचारत होता, "लग्नासाठीच ना?" ब्लाउज मीच शिवला. मला कुठे काय खटकलं? मीही तोच टीव्ही बघत होतो.

वरातीत सासू म्हणाली, "नवरीला हा काय रंग?" सुमन ठसक्यात म्हणाली, "टीव्हीत असंच नेसतात!"

चार दिवसांनी सुमन माहेरपणाला आली ती थेट दुकानात घुसली. सासरी रंगीत टीव्ही होता.

"मास्तर, पोपटी होती ती! पोपटी!"

मामाने आमच्या टीव्हीवर हात ठेवला. "आमच्याकडं अजून राखाडीच आहे."

*

त्यापुढचा घोळ सर्वस्वी रंजनाचा. हायस्कूलच्या गॅदरिंगला आठ मुलींचा नाच, आठ घागरे आमच्याकडे. आता टीव्हीतल्या घागऱ्याचं माप घेणार कसं? रंजनाने टेप घेतली आणि थेट काचेवर लावली! नाचणारी बाई एवढे इंच उंच, घेर एवढे इंच. मग मुलीची उंची घेऊन हिशेब. डोकं बघा पोरीचं! मी मामाला म्हटलं, हिला इंजिनियर करायला हवं होतं.

एकच चूक झाली. आमचा टीव्ही म्हातारा झाला होता. चित्र वरून-खालून दबलेलं, वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. माणसं सगळी बुटकी आणि रुंद. आम्हाला सवय झाली होती.

गॅदरिंगच्या दिवशी चार मुली स्टेजवर चढल्या आणि स्टेज भरलं. उरलेल्या चौघी खाली धुळीत नाचल्या. हेडमास्तर मला म्हणाले, "मास्तर, घागरे शिवलेत की मांडव?"

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक येऊन टीव्ही नीट करून गेला. रंजना बघतच राहिली. "अगो बाय! ही रोडावली कशानं?"

आणि गंमत सांगू? पुढच्या वर्षी मुरबाडहून शाळेची ऑर्डर आली. अट एकच, टोकावड्याचा घेर पाहिजे!

*

मग ते प्रश्न आणि चार पर्याय विचारायचे कार्यक्रम आले. गिऱ्हाइकाने विचारलं, "कपडे कधी मिळतील?" तर रंजना मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "बुधवार, गुरुवार, शुक्रवार, की दिवाळीनंतर?"

"दिवाळीनंतर," एक म्हातारा म्हणाला. "तुमी तेव्हाच देता!"

इथवर ठीक होतं. पण तिला बघायला पहिलं स्थळ आलं आणि मुलाच्या बापाने विचारलं, "काय काय रांधता येतं?" ही म्हणाली, "भाकरी, भात, कोंबडी, की यातलं काहीच नाय?"

बाप म्हणाला, "म्हंजे?" ही म्हणाली, "तुमी सांगा."

मंडळी पोहे अर्धे टाकून गेली.

बुधाजी दुकानात आला, माझ्यावरच उखडला. "मास्तर, तुमच्या त्या खोक्यानं पोर बिघडवली. आता पुढचं स्थळ मोडलं तर मशीन बंद! घरी बसून ऱ्हाईल!"

बुधाजी बोलला की करायचा. रंजना दिवसभर मशीन दामटत राहिली. संध्याकाळी कात्री खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, लगीन नको असं नाय. मशीन घेऊन नांदायला जाईन. पण सांगणारा एक बा आहेच. मला ऐकणारा पायजे."

मी गळ्यातली टेप काढून ठेवली. असा माणूस काही मापाने शिवून देता येत नाही.

*

दुसरं स्थळ आलं आसनगावकडचं. मुलगा सुरेश, सोबत आईबाप आणि आत्या. बोलणारी फक्त आत्या! बुधाजीने मलाही बोलावलं होतं, बहुधा पोरीवर लक्ष ठेवायला.

तोवर दुकानात केबल आली होती. तिच्यात एका चॅनलवर दिवसभर नुसत्या बाया चालायच्या. यायच्या, कमरेवर हात ठेवून थांबायच्या, वळायच्या, जायच्या. मामा रोज विचारायचा, "ह्या जातात तरी कुठं?"

तर रंजना खाली मान घालून पाटावर बसली. आत्याने नाव विचारलं, शाळा विचारली. मग म्हणाली, "आमच्यात सुना मशीन-बिशीन चालवत नाय." बुधाजी घाईघाईने म्हणाला, "नाय नाय, सोडेल ती!" सुरेश काहीतरी बोलायला गेला, आत्याने हातानेच गप्प केला.

"ऊठ गो, जरा चालून दाव," आत्या म्हणाली.

मुलीत काही खोट नाही ना, हे बघायची ही जुनी रीत. रंजना उठली. पदर खांद्यावर चापून घेतला. ओटीच्या दारापर्यंत गेली, कशी म्हणता, एका रेषेत, पावलापुढे पाऊल टाकत. दारात थांबली. कमरेवर हात ठेवला. मान तिरकी करून सगळ्यांकडे बघितलं. वळली, तशीच परत आली.

कोणाच्या हातातला चमचा हलेना. बुधाजी माझ्याकडे असा बघत होता की मी टीव्हीतच जाऊन लपलो असतो.

रंजना पाटावर बसली नाही. सरळ सुरेशकडे बघून म्हणाली, "आता तुमी."

"काय?" आत्या किंचाळली.

"चालून दावा. मला पण बघायचंय."

बुधाजीने डोळे मिटले. मीही देवाचं नाव घेतलं. गेली पोरीची मशीन!

सुरेशने पोह्यांची बशी खाली ठेवली. उठला. पॅन्ट वर ओढली आणि चालत दारापर्यंत गेला.

"अरे सुरेश, बस खाली!" आत्या ओरडली.

"थांब गो आत्या," सुरेशने कमरेवर हात ठेवला. "वळायचं ऱ्हायलंय!"