रावणाचा चष्मा

“अवंदा बोहाड्याला याच. पुढल्या साली मी रावण आसंन का न्हाई, सांगता येत न्हाई,” रतनगडच्या वाटेवर कधीतरी ओळख झालेले नामदेवदादा फोनवर म्हणाले आणि मी पिशवी भरली.

बोहाडा म्हणजे अकोले तालुक्यातल्या डोंगरगावांचा मुखवट्यांचा उत्सव. देव-राक्षसांची सोंगं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात आणि कोणतं सोंग कोणत्या घराचं, हा मान ठरलेला. रावण दादांच्या घरचा.

संगमनेरहून राजूरला एसटी मिळते. वाटेत वळणं आहेत, तेव्हा मिसळ उतरल्यावरच खा. राजूरला साठ रुपयांत मिळाली, तर्री मागाल तितकी. तिथून जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली की नाही, हे फक्त ड्रायव्हरला कळतं.

गावात पोचल्यावर भानगड समजली. दादांना हल्ली चष्म्याशिवाय दिसत नाही आणि मुखवट्याच्या आत चष्मा मावत नाही. गेल्या वर्षी ते रामाला सोडून उभ्या मोटारसायकलशी लढले. तिचा आरसा अजून बसवलेला नाही. यंदा पुन्हा तसं झालं, तर मुखवटा चुलतभाऊ किसनकडे जाणार, असं भावकीनं ठरवलं होतं.

“दादा, अवंदा बसून बघा की,” किसन ओसरीवरून म्हणाला. “म्हंजी दिसलं तर.”

दादांच्या बायकोनं त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि मुखवट्यावर बाहेरूनच ठेवला. दांड्या रावणाच्या कानांपर्यंत पोचेनात, तेव्हा पायजम्याची नवी नाडी आणून मागे गाठ मारली. रावण हेडमास्तर दिसू लागला. किसननं मुखवट्यांची पूजा करणाऱ्या बाबांकडे तक्रार नेली. बाबांनी नाडीची गाठ ओढून बघितली.

“देवाला न्हाई चालायचा,” ते म्हणाले. “राक्षसाला काय हुतंय?”

रावणाची पाळी उजाडताना आली. दादा नाचत आले, मोटारसायकलला वळसा घातला आणि थेट रामावर गेले. गेल्या वर्षी निवांत उभा असलेला राम चार पावलं मागे सरकला. मध्येच थांबून रावणानं उपरण्यानं काचा पुसल्या, तेव्हा संबळवाल्याचा ताल चुकला.

जायचं असेल तर होळीनंतर चौकशी करा, तारीख गाव ठरवतं. पांघरूण न्या. मला परतून आठवडा झाला आणि काल दादांचा फोन आला. पूजेनंतर मुखवटा चष्म्यासकट पेटीत गेला. आता चष्माही सोंगाचाच, म्हणून बाबा काढू देत नाहीत. दादा नवा करायला संगमनेरला निघाले होते. मी हळहळलो.

“ऱ्हाऊ द्या,” दादा म्हणाले. “आता किसनला रावण व्हायचं, तर डोळ्याला माज्याएवढा नंबर यावा लागंल.”