संडासाचं भूमिपूजन

बाबांची उजवी बाजू गेली तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. गोळ्या कधी, मालिश कशी, व्यायाम किती. संडासाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. आमचं घर उलव्याजवळच्या गावठाणातलं. संडास परसात, अगदी मागच्या कोपऱ्यात, दोन उंच पायऱ्या चढून जायचं आणि खाली बसायचं. धडधाकट माणसालाही तिथे जायचा कंटाळा यायचा. मग चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने काय करायचं?

काय करायचं ते आम्ही केलं. बाबांच्या खोलीत आडवी दोरी बांधली, तिच्यावर आईचं जुनं लुगडं टाकलं आणि त्याच्यामागे भांडं ठेवलं. आईची कंबर कामातून गेलेली, तिच्याने वजन उचलवत नाही. दादा खारघरला फ्लॅटमध्ये राहतो, तो रविवारी येणार. उरले मी. चाळिशीची मुलगी बापाला उचलणार, बसवणार, धुणार, पुसणार. तेवढा वेळ बाबा डोळे घट्ट मिटून घ्यायचे. बाहेर ओट्यावर कोणी आलं असेल तर आवाज जाऊ नये म्हणून आई मोठ्याने टीव्ही लावायची. शेजारच्या बाया मला विचारायच्या, "किळस नाय का येत गो?" नाही हो, बापाची कसली किळस? किळस कशाला म्हणतात ते मला नंतर कळलं, बांधकाम परवानगीच्या ऑफिसात.

उपाय साधा होता. बाबांच्या खोलीची मागची भिंत फोडून दार काढायचं आणि परसात चार भिंतींचं बाथरूम बांधायचं. कमोड, धरायला गज, खुर्ची आत जाईल एवढी जागा, आणि बंद होणारं दार. बस. दादा म्हणाला, "गवंडी बोलावतो, आठ दिवसांत उभं करू." आमची अख्खी आळी अशीच उभी राहिली आहे. नव्या शहरासाठी सरकारने शेती घेतली, पोरं वाढली, गरज पडली की लोकांनी वर एक मजला चढवला, अजून गरज पडली की अजून एक. परवानगी कोणी मागितली नाही आणि मागून मिळालीही नसती.

मीच आडवी आले. आदल्या वर्षी आळीच्या टोकाला तोडकामाची मशीन येऊन चुलत काकांच्या घराची मागची बाजू पाडून गेली होती, ते मी उभ्या उभ्या पाहिलं होतं. उद्या बाबा आत बसलेले असताना मशीन आली तर? शिवाय माझा जन्म कागदांत गेला आहे. महापेच्या एका कंपनीत मी डिस्पॅचला आहे. माल कसाही असो, कागद नीट असतील तर ट्रक कुठे अडत नाही, हे मी रोज बघते. तेच मला सगळीकडे खरं वाटायचं. अक्कल गहाण टाकल्यासारखी मी म्हणाले, "कागद करूनच बांधायचं."

बाबांची जीभ तेव्हा जड होती, पण एवढं ते स्पष्ट बोलले. "कागुद नको गो पोरी. कागदानीच आपली जमीन नेली." मी ऐकलं नाही.

आर्किटेक्टने नकाशा काढला, अर्ज ऑनलाइन भरला. पंधरा दिवसांनी कळलं की अर्ज ऑनलाइन असला तरी तो पुढे सरकवायला माणसाने पायांनीच जायचं असतं. मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात पिचकाऱ्या, अगदी देवांच्या टाइल्स लावल्यात त्यांच्याही कडेकडेने. खिडकीवरच्या मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या, घरपट्टीची पावती अस्पष्ट आहे. दुसऱ्या खेपेला पावती दिसली, पण शेजाऱ्यांची ना-हरकत स्टॅम्प पेपरवर हवी होती. तिसऱ्या खेपेला स्टॅम्प पेपर नेला तर म्हणाल्या, "साध्या कागदावर चाललं असतं." मी म्हटलं, "मॅडम, माझे वडील भांड्यात बसतात. लवकर झालं तर बरं होईल." त्यांनी मान वर केली, मला वाटलं काही बोलतील. तर मागे वळून ओरडल्या, "अगं, डबा गरम केलास का?"

एक सांगते. पैसे कोणी मागितले नाहीत. मागितले असते तर निदान कळलं असतं, यांना काय हवंय ते. यांना काहीच नको होतं. माझं काम झालं काय, नाही झालं काय, त्यांच्या चहाची चव सारखीच. मला तर वाटतं तीच घाण जास्त आहे. घरी येऊन मी बाबांचं भांडं धुवायचे तेव्हा हात साबणाने स्वच्छ व्हायचे, पण त्या ऑफिसातून आल्यावर कितीही अंघोळ केली तरी अंगाला चिकटलेलं काही सुटायचं नाही.

अशात तीन महिने गेले आणि आईने घोळ घातला. म्हणजे तिच्या दृष्टीने घोळ नव्हताच. चातुर्मास तोंडावर आला होता, एकदा तो लागला की काम काढायचं नाही, असं तिच्या माहेरापासून चालत आलेलं. मी कामाला गेलेली बघून तिने भटजी बोलावला, परसात हातभर खड्डा खणून घेतला, पाच विटा मांडल्या, नारळ, हळदकुंकू, फुलं, सगळं यथासांग. आळीतल्या चार सवाष्णींना बोलावून पेढे वाटले. संध्याकाळी दादाला फोनवर सांगितलं तर तो हसून हसून लोळायचा बाकी. "अगं आई, संडासाचं भूमिपूजन कोण करतं?" आई चिडली. "संडास कसला? घर हाय ते. घराला चिकटलं ते घरच." मलाही हसू आलं. खूप दिवसांनी घरात कोणी हसलं होतं.

दहा दिवसांनी जागा बघायला ऑफिसातले साहेब आले. तरुण होते, इस्त्रीचे कपडे, हातात मोबाइल. खड्डा दिसल्याबरोबर त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले. मग म्हणाले, "काम सुरू केलंत की."

"साहेब, तो पूजेचा खड्डा आहे. नारळ दिसतोय ना त्यात?"

"दिसतोय ना, म्हणूनच. भूमिपूजन म्हणजे कामाची सुरुवातच झाली. परवानगीच्या आधी काम. नोटीस निघणार."

आमच्या परसामागे त्याच वेळी चौथ्या मजल्याचा स्लॅब पडत होता. मिक्सरच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आत येण्याआधी साहेबांनी स्वतःची स्कूटर लांब नेऊन लावली होती, सिमेंट उडू नये म्हणून. माझं डोकं फिरलं. मी बोट दाखवून विचारलं, "आणि ते? त्यांची परवानगी बघितलीत?"

साहेबांनी त्या इमारतीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "त्यांचा अर्ज कुठे आलाय आमच्याकडे?" ते अगदी शांतपणे म्हणाले.

मी तिथेच गार पडले. म्हणजे ज्याने अर्ज केला तोच त्यांना दिसणार. आळीत एका घराने सरळ रस्ता धरला आणि आळीत एकाच घराला नोटीस आली. मागचा बिल्डर भला माणूस, कुंपणावरून म्हणाला, "ताई, कशाला टेन्शन घेता? माझी माणसं आहेत, दोन दिवसांत तुमचं करून देतो." त्याच्या भलेपणाचाही मला त्या दिवशी राग आला.

नोटिशीला उत्तर दिलं, तर खड्डा बुजवल्याचा फोटो मागितला. आईने कंबर धरून खड्ड्यासमोर ठाण मांडलं. पुजलेला खड्डा बांधकाम उभं राहिल्याशिवाय बुजवला तर घरातला माणूस जातो, म्हणाली. आणि घरात एक माणूस आधीच अर्धा गेलेला. तिला काय समजावणार? मी पुन्हा खिडकीवर गेले, मॅडमना सगळी हकिकत सांगितली. त्या पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलल्या. "अहो, आम्हाला सपाट जमिनीचा फोटो हवाय. कुठली जमीन, ते कोण बघतंय?"

घरी येऊन मी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्याचा, शेवग्याच्या झाडाखालचा फोटो काढला आणि पाठवला. तीन महिन्यांत जे खरे कागद हलले नव्हते ते या एका खोट्या फोटोने हलले. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर मेसेज आला, पूर्तता झाली. मला स्वतःचीच शिसारी आली. बाबांना सांगायची लाज वाटली, म्हणून सांगितलं नाही.

अर्ज केल्यापासून सातव्या महिन्यात परवानगी आली. मी जेवणाच्या सुट्टीत कंपनीत उघडून पाहिली आणि टेबलावरच्या मुलींना ओरडून सांगितलं. मग नकाशा मोठा करून बघितला. आमच्या बाथरूमची मागची भिंत एक फूट आत सरकवली होती. लाल रेघ मारून, बाजूला सही.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी थेट साहेबांच्या टेबलाशी गेले. ते म्हणाले, शेजारच्या हद्दीपासून अंतर नियमात बसवलं. मी म्हटलं, "साहेब, त्या शेजाऱ्याने हद्दीवरच चार मजले उभे केलेत. आणि एक फूट कमी झाला तर आमची खुर्ची आत कशी मावणार?"

त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला, नीट बघितला. "खुर्ची नकाशात नाहीये," ते म्हणाले आणि फाइल बंद केली. आर्किटेक्टला फोन केला तर तो हसला. "ताई, बांधताना बघून घ्या ना. सगळे तसंच करतात." म्हणजे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. सात महिने मी एकटीच खरं समजून पळत होते.

तरी घरी येऊन मी खडूने बाबांच्या खोलीत मंजूर झालं तेवढं बाथरूम आखलं. कमोडच्या जागी स्टूल ठेवलं आणि बाबांना खुर्चीसकट त्या रेघांच्या आत नेलं. पुढे स्टुलाला गुडघे टेकले तेव्हा मागची चाकं उंबऱ्याच्या रेघेवरच होती. तिरकं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. खुर्ची आत असताना दार लागणारच नव्हतं. बाबांना कळलं. ते माझी समजूत घालायला लागले. "ऱ्हाव दे गो. दाराला लुगडं बांद. चालल मना."

चाललं असतं त्यांना. मला चाललं नसतं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं, मनसोक्त शिव्या घातल्या, साहेबांना, मॅडमना आणि सगळ्यात जास्त स्वतःला. मग दादाला फोन लावला. "गवंडी पाठव. उद्याच्या उद्या."

गवंड्याने नकाशा मागितला. मी म्हटलं, नकाशा राहू दे, खुर्ची बघ. त्याने खुर्ची आणि बाबांचे पाय धरून माप घेतलं आणि भिंत एक फूट बाहेर काढली. आठ दिवसांत काम झालं. आता माझ्याकडे सही-शिक्क्याची परवानगी आहे आणि बेकायदा बाथरूम आहे. उद्या कोणी टेप घेऊन आलं तर पाडायला कारणही मीच लिहून दिलेलं आहे, कारण आळीत एकटा आमचाच नकाशा त्यांच्याकडे आहे. याची भीती वाटते. खोटं कशाला बोलू, रोज वाटते.

पहिल्या दिवशी मी खुर्ची आत नेली, ब्रेक लावले आणि सवयीने बाबांच्या काखेत हात घालायला वाकले. बाबांनी डाव्या हाताने गज पकडला. एकदा ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मग माझा हात बाजूला केला.

"जा गो," ते म्हणाले. "आता तू भायेर जा."