काटा शून्यावर

मुक्ताबाई माझी थोरली बहीण. तिच्याबद्दल चांगलं लिहायचं तर आधी माझ्याबद्दल वाईट लिहावं लागणार, म्हणून तीन महिने टाळत होतो. आता लिहितो. कुणी शिव्या घातल्या तर घालू देत.

अक्कानं जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, सगळी नोकरी श्रीगोंदा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर. निवृत्त झाली, पाठोपाठ दाजी गेले, आणि ती नगरला सावेडीत मुलाच्या बंगल्यावर राहायला आली. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. नातवंडं शिकायला हॉस्टेलवर. घरात सून निकिता आणि ही. पहिलं वर्ष तिनं खुर्चीत बसून काढलं. मी गेलो की म्हणायची, "रंगनाथ, दिवसभरात मला कुणी काही विचारतच न्हाई रे. शाळेत मिनिटाला चार पोरं 'बाई, बाई' करायची." मी म्हणायचो, "मग आता आराम कर की." काय अक्कल माझी!

निकितानं तिला कॉम्प्युटरवर विमान उडवायला बसवलं आणि बाई पार बदलली. गेम म्हटलेलं तिला चालायचं नाही. "सिम्युलेटर म्हण. खरा पायलटसुद्धा यावरच शिकतो," असं ऐकवायची. आईचं शिलाई मशीन होतं, त्याचं डोकं काढून त्या टेबलावर तिनं पडदा ठेवला. खालचा लोखंडी पायटा मी मधोमध कापला आणि विमान डावी-उजवीकडं वळवायचे दोन पायटे करून दिले. बासष्टाव्या वर्षी अक्का नऊवारी सावरून त्यावर पाय ठेवायची आणि शिर्डीहून औरंगाबादला उडायची. वहीत सगळं लिहून ठेवायची. वारा किती, वेग किती, दाब किती.

दाबाचं जरा सांगायला हवं, कारण घोळ तिथंच झाला. विमानातलं उंची दाखवणारं घड्याळ हवेच्या दाबावर चालतं. सिम्युलेटरमध्ये इंटरनेटवरून त्या दिवसाची खरी हवा येते. दाब बदलला की काटा मध्येच शंभर-दीडशे फुटांनी हलतो, मग एक बटण दाबून तो नव्या दाबाशी जुळवायचा. आणि हे घड्याळ उंची मोजतं समुद्रापासून. शिर्डीची धावपट्टी समुद्रापेक्षा सुमारे एकोणीसशे फूट उंच, म्हणून विमान जमिनीवर उभं असलं तरी काटा एकोणीसशेवर असतो, आणि तो तसाच असायला हवा.

हे अक्काला ठाऊक होतं. मला नव्हतं. मी साखर कारखान्यात एकतीस वर्षं प्रेशर गेजचा फिटर. हंगाम संपला, बॉयलर थंड पडला, की आम्ही एकेक गेज बघत फिरायचो. दाब नसताना काटा शून्यावर नसला तर ते गेज खोटं. जागच्या जागी शून्यावर आणायचं आणि पुढं जायचं. सांगायचं कुणाला, विचारायचं कुणाला? लोक मला गेजमास्तर म्हणत, आणि मला ते लई आवडायचं.

रविवारी सकाळी दहाला 'उड्डाण कट्टा' नावाचा एक गट व्हिडिओ कॉलवर जमतो. सगळे घरी बसून विमान उडवणारे. त्यात पारनेरचे अजिनाथराव आहेत, हवाई दलातून निवृत्त झालेले, भलते कडक. ते परीक्षा घेतात. त्यांच्या परीक्षेत पास होईल त्याला नवख्यांचा वर्ग घ्यायला मिळतो. अक्कानं अर्ज केला. तिच्या वर्गाला आधीच सात बायकांनी नावं दिली होती. एक अंगणवाडीताई, एक ब्लाउज शिवणारी, दोघी तर तिच्याच जुन्या विद्यार्थिनी. अक्का मला म्हणाली, "रंगनाथ, मला परत वर्ग मिळतोय रे." तेव्हा त्या परीक्षेवर तिचं काय अवलंबून होतं ते मला पक्कं माहीत होतं. नंतर माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

परीक्षेच्या दिवशी मी नऊलाच पोचलो. अक्कानं सगळं जुळवून, तपासून, वहीत खुणा करून ठेवलं होतं. ती साडी बदलायला आत गेली. मी पडद्यासमोर उभा. बघतो तर विमान जमिनीवर आणि काटा एकोणीसशेवर! मनात म्हटलं, बघा, आज परीक्षा आणि बाईचं गेज खोटं. माऊस घेतला, त्या घड्याळाची गुंडी फिरवत फिरवत काटा शून्यावर आणून ठेवला. खूष झालो स्वतःवर. अक्का आली, तिला काही बोललो नाही. केलेलं काम सांगत बसायची आपली पद्धतच नाही ना!

दहाला कॉल सुरू झाला. कट्ट्यावर तीसेक जण, शिवाय त्या सात बायका. सगळ्यांनी आधी शिलाई मशीनचे पायटेच बघायला मागितले. निकितानं मोबाईल खाली नेऊन पाय दाखवले, हे आमच्या गेजमास्तर मामांनी केलेत म्हणून सांगितलं, हशा-टाळ्या झाल्या, त्या गडबडीत विमान उडालंसुद्धा. अजिनाथराव म्हणाले, "साडेचार हजार फूट गाठा, मुक्ताताई, आणि तिथंच राहा." अक्कानं गाठलं. काटा साडेचार हजारावर असा धरला की अजिनाथराव, ज्यांच्या तोंडून कधी बरा शब्द निघत नाही, ते म्हणाले, "वा."

मग ते म्हणाले, "हवा बदलली आहे. दाब जुळवा."

अक्कानं बटण दाबलं आणि काटा गर्रकन फिरून साडेचार हजारावरून सहा हजार चारशेवर गेला. तिला वाटलं विमान कशानं तरी वर फेकलं गेलं. तिनं नाक खाली दाबलं. घाबरून जरा जास्तच दाबलं. वेग लाल पट्ट्यात गेला, पडदा थरथरला आणि विमान मोडल्याची पाटी आली. सात बायका बघत होत्या.

"अगं बाई! काटा उडाला," अक्का म्हणाली. "मी काही केलं नाही, काटा आपोआप उडाला."

कुणीतरी हसलं. अजिनाथराव म्हणाले, "दाब बदलला तर शे-दोनशे फूट. एकदम एकोणीसशे? ताई, तुम्ही सुरुवातीपासून चुकीच्या उंचीवर होता." मग त्यांना मी दिसलो. "गेजमास्तर, तुम्ही सांगा. काटा असा आपोआप उडतो का?"

एकोणीसशे हा आकडा कानावर पडला त्याच क्षणी मला कळलं होतं. सकाळी मी जेवढा फिरवला तेवढाच काटा फिरला होता. हिशोब करायची गरजच नव्हती. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की बाबांनो, हा माझा उद्योग. तीस लोक पडद्यावर माझ्याकडं बघत होते, आणि त्यांनी मला गेजमास्तर म्हटलं होतं.

मी म्हणालो, "काटा आपोआप उडत नसतो. अक्काचाच हात लागला असेल."

थू माझ्या जिंदगानीवर.

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पडद्याकडं वळून म्हणाली, "रंगनाथ म्हणतो म्हणजे तसंच असेल. माफ करा सगळ्यांनी." परीक्षा संपली. वर्ग एका दुसऱ्याच माणसाला मिळाला.

मला वाटलं, चार दिवस वाईट वाटेल, मग विसरेल. पण ती भलतंच घेऊन बसली. तिचं म्हणणं असं की तिनं काटा जुळवला होता हे तिला पक्कं आठवत होतं, आणि नंतर हात लागल्याचं अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे डोकं चाललंय. आमची आई शेवटची चार वर्षं कुणाला ओळखत नव्हती, मला भाऊजी म्हणायची. अक्कानं तिचं सगळं केलं होतं, त्यामुळं सुरुवात कशी होते ते तिला माहीत होतं. तिनं स्कूटरची चावी निकिताला देऊन टाकली. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. देवापुढं दिवा लावायची आणि लावला का म्हणून परत बघायला जायची. मशीनवर चादर टाकून ठेवली.

मी दर गुरुवारी जात होतो. हे सगळं बघत होतो. दर वेळी घरून निघताना ठरवायचो, आज सांगायचं. तिच्या दारात पोचलो की भलतंच काहीतरी बोलत बसायचो. उलट एकदा तिला म्हणालो, "वय झालं की होतंच असं." माणूस किती खाली जाऊ शकतो ते मला या वयात कळलं.

पाचव्या गुरुवारी गेलो तर अक्का चप्पल घालून दारात उभी, निकिता रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत गेलेली. "मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतलीय," अक्का म्हणाली. "तू पण चल. आईचं काय काय झालं होतं ते विचारतील, माझ्याकडून काही राहायला नको." आणि माझा हात धरला.

तेव्हा सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. काटा मी शून्यावर आणला, तुझ्या माघारी, आणि त्या दिवशी तिथंच मला कळलं होतं.

ती पायरीवर बसली. "म्हणजे मी विसरले नव्हते?"

"नाही."

"मी जुळवला होता?"

"बरोबर जुळवला होतास."

"परत सांग."

परत सांगितलं. ती रडायला लागली, रडता रडता हसायला लागली. रिक्षा आली तर रिक्षावाल्याला म्हणाली, "जावा दादा, मला काही झालेलं न्हाई!" मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं, इतका मी कोडगा.

आत गेल्यावर ती म्हणाली, "कट्ट्यावर लिही." मी मोबाईल काढून लिहिलं, 'परीक्षेच्या दिवशी चुकून माझा हात काट्याला लागला होता, अक्कांचा दोष नाही.' तिनं मोबाईल घेतला, चष्मा लावला, आणि वही तपासतात तसं वाचलं. "हात लागला नाही, तू फिरवलास," ती म्हणाली. "चुकून काढ. आणि दुसरं कुठंय?"

"दुसरं कोणतं?"

"काटा फिरवलास ते अडाणीपणानं. ते मी तेव्हाच माफ केलं असतं. माझं नाव घेतलंस ते माहीत असून. ते लिही."

मी लिहिलं. 'कळत असूनही मी सगळ्यांसमोर अक्काचं नाव घेतलं.' एवढं एक वाक्य लिहायला मला पाव तास लागला. ती शेजारी बसून राहिली, घाई केली नाही. मी पाठव दाबलं. अजिनाथरावांचा लगेच फोन आला. ती त्यांच्याशी नीट बोलली, परत परीक्षा द्यायला पुढच्या रविवारची वेळ घेतली, फोन ठेवला.

मी उठलो. ती दारापर्यंत आली. आता काहीतरी बोलेल, पाठीवर हात ठेवेल असं मला वाटत होतं, लहानपणी ठेवायची तसा. ती म्हणाली, "रंगनाथ, पाच आठवडे मी रोज झोपताना नातवंडांची नावं पाठ म्हणत होते रे. उद्या आठवतील का म्हणून."

मी चपला शोधत राहिलो. त्या समोरच होत्या.